कमी भात, अधिक तूप : कोलेस्टेरॉलच्या हिशेबाची फेरतपासणी



ब्रह्मपुरी हा धानाचा मुलूख. वैनगंगेच्या खोऱ्यात ताटात भात नसेल तर जेवण झाले असे कोणी मानत नाही. शेजारच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या खेड्यात दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने शेतातील वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरून, त्या जोपासून 'एचएमटी' हा बारीक तांदूळ घडविला आणि पुढे तो दूरदूरच्या प्रांतांत गेला. अशा भूमीत 'भात सोडा आणि तूप वाढवा' हा सल्ला रुजावा, हे नवलच. पण तो रुजला आहे. सकाळी दहापासून रात्रीपर्यंत गादीवर बसणारा पन्नाशीचा व्यापारी, पोट सुटलेले, साखर नुकतीच वाढलेली. तो भात, फुलके, गोड चहा सारे बंद करतो. त्याऐवजी तूप, पनीर, साय आणि बदाम ताटात येतात. तीन महिन्यांत सदऱ्याची शिवण सैल पडते, साखरेचा अहवाल सुधारतो, घरात आनंद होतो. आणि त्याच अहवालाच्या दुसऱ्या पानावर कोलेस्टेरॉलचा आकडा ठळक अक्षरांत छापून येतो.

येथे घराचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, तूप आजपासून बंद. दुसरा म्हणतो, कोलेस्टेरॉलची भीती हा औषध कंपन्यांचा बागुलबुवा, गोळीच बंद करा. प्रस्तुत विषयाचे प्रयोजन या दुसऱ्या पानापुरते आहे. वजन कमी झाले, साखर उतरली, ही जमेची बाजू खरीच; परंतु तिच्या आनंदात खर्चाची बाजू न वाचताच वही मिटली जाते, आणि त्या बाजूला हृदयविकारासारखी रक्कम मांडलेली असू शकते.

विदर्भाच्या भूमीने या वादाच्या दोन्ही टोकांना एकेक नामवंत व्यक्ती दिली आहे. वैनगंगेपलीकडच्या गडचिरोलीत आदिवासींच्या आरोग्यासाठी आयुष्य वेचणारे डॉ. अभय बंग यांना वयाच्या ४४ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतरचा त्यांचा आत्मशोध 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकातून मराठी घराघरांत पोहोचला. त्या शोधात त्यांना अमेरिकेतील डॉ. डीन ऑर्निश यांच्या कार्यक्रमाचा आधार लाभला. ऑर्निश यांची शिकवण शाकाहार, चालणे, ध्यान, तंबाखूचा त्याग आणि स्निग्ध पदार्थ इतके कमी की एकूण ऊर्जेच्या अवघे १० टक्के, अशी होती. १९९० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांनी दाखवून दिले की, असा कार्यक्रम वर्षभर काटेकोर पाळणाऱ्या रुग्णांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळे थोडेसे का होईना, मागे हटले.

दुसरे नाव काटोल परिसराचे सुपुत्र डॉ. श्रीकांत जिचकार यांचे. अनेक पदव्यांसाठी ख्यात असलेल्या या विद्वानाने आपल्या व्याख्यानांतून स्निग्ध पदार्थांकडे नव्हे, तर इन्सुलिनकडे बोट दाखविले. प्रत्येक खाण्यासरशी इन्सुलिन स्रवते, दिवसभर तोंड चालू ठेवले की ते सतत चढलेले राहते आणि चरबी साठत जाते. म्हणून भूक लागेल तेव्हा, पण दिवसातून दोनच वेळा जेवावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. २ जून २००४ रोजी एका रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी हाच विचार दोन जेवणे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे, अशा सुटसुटीत नियमांत बसवून महाराष्ट्रभर पोहोचविला. २०१८ मध्ये राज्य शासनाने स्थूलताविरोधी मोहिमेचे दूत म्हणून त्यांची निवड केली, तेव्हा आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांच्या 'थोडे थोडे, वेळेवर, स्थानिक अन्न, आणि तूप-भाताला न घाबरता' या विचारसरणीशी त्यांची तुलना होऊन वर्तमानपत्रांचे रकाने भरले. वाचकांनी मात्र दोघांचे थोडे-थोडे घेतले: एकाकडून भात सोडण्याची प्रेरणा, दुसरीकडून तुपाची परवानगी. अशी खिचडी दोघांपैकी कोणीही शिजविली नव्हती. डॉ. दीक्षितांचा आग्रह किती वेळा खावे याविषयी आहे; भाताऐवजी तुपाची वाटी घ्यावी, असा तो आग्रह नाही.

भात-पोळी कमी आणि स्निग्ध पदार्थ भरपूर, हा आहार वास्तविक परदेशातून आला. १८६३ साली लंडनमधील विल्यम बँटिंग या गृहस्थाने ब्रेड, साखर, बटाटा सोडून वजन कसे घटविले याची पुस्तिका काढली. १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. वाइल्डर यांनी अपस्माराच्या रुग्णांसाठी 'कीटो' आहार सुचविला. १९७२ मध्ये डॉ. ॲटकिन्स यांच्या पुस्तकाने तो वजन घटविण्याच्या बाजारात आणला. कडक कीटोत दिवसभराची कर्बोदके २० ते ५० ग्रॅमच्या आत ठेवावी लागतात. १०० ग्रॅम कोरड्या तांदळात ती सुमारे ७८ ग्रॅम असतात, आणि तेवढ्याच तुरीच्या डाळीत ५५ ग्रॅमच्या वर. म्हणजे आमटी-भाताच्या एकाच जेवणात कीटोचा दोन दिवसांचा कोटा संपतो.

आता दुसरे पान. 'कोलेस्टेरॉल वाढले' हे वाक्य व्यापाऱ्याने 'उलाढाल वाढली' म्हणण्यासारखे आहे. रोख किती, उधार किती, बुडीत किती, हे कळल्याखेरीज त्या आकड्याला अर्थ नाही. कोलेस्टेरॉल हा शरीराला आवश्यक पदार्थ असून बहुतांश यकृत स्वतःच तयार करते. तो रक्तात विरघळत नाही, म्हणून प्रथिनांच्या वेष्टनात बांधून पाठविला जातो. एलडीएल हे वेष्टन तो शरीरभर नेते आणि रक्तात गर्दी झाली की धमन्यांच्या भिंतीत रुतते. एचडीएल तो परत यकृताकडे आणण्यास हातभार लावते. आणि ट्रायग्लिसराइड ही रक्तात फिरणारी चरबी, जी जास्तीच्या भात-साखरेपासून यकृत मोठ्या प्रमाणात बनविते. (जाता जाता: शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉलमुक्त' असे ठळक छापलेले असते. वनस्पतिजन्य तेलात ते नावापुरतेही नसते. सुती कापडावर 'यात लोकर नाही' असा शिक्का मारावा, तसा हा प्रकार.)

भारतीयांच्या, विशेषतः बैठे काम करणाऱ्यांच्या, अहवालात एक ठरावीक चित्र दिसते: एलडीएल फार वाढलेले नाही, पण ट्रायग्लिसराइड चढलेले, एचडीएल उतरलेले आणि कंबर रुंद. हे चित्र बहुतांशी भात, मैदा आणि साखरेचे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक देशव्यापी सर्वेक्षणातील प्रौढांच्या आहाराचा निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीयांची ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, त्यातील मोठा वाटा पांढरा तांदूळ, दळलेला गहू आणि साखर यांचा. प्रथिने मात्र अवघी १२ टक्के. त्याच अहवालाने आणखी एक गोष्ट सांगितली, जी तूपवादी सोयीस्करपणे गाळतात. बहुतेक सर्व राज्यांत संपृक्त स्निग्ध पदार्थांचे सेवनही मर्यादेपेक्षा अधिकच आढळले. आणि कर्बोदकांचा ५ टक्के वाटा काढून त्या जागी डाळी वा दुग्धजन्य पदार्थांतील प्रथिने ठेवल्यास मधुमेहाचा धोका घटतो, असे त्या विश्लेषणात दिसले. म्हणजे भात कमी करण्याचा सल्ला योग्यच आहे. प्रश्न एवढाच की रिकाम्या झालेल्या जागी काय ठेवायचे.

कर्बोदके उतरविल्यावर ट्रायग्लिसराइड खाली येते आणि एचडीएल वर जाते, हे अनेक प्रयोगांत पुनःपुन्हा दिसले आहे. अमेरिकेतील इंडियाना येथे मधुमेहाच्या २६२ रुग्णांना वर्षभर कीटो आहारावर देखरेखीखाली ठेवले गेले. ट्रायग्लिसराइड २४ टक्क्यांनी घटले, एचडीएल १८ टक्क्यांनी वाढले, अनेकांची मधुमेहाची औषधे कमी झाली. आणि एलडीएल सुमारे १० टक्क्यांनी वाढले. स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ व्यक्तींचे दोन गट करून एकास सकस अल्प-स्निग्ध आणि दुसऱ्यास सकस अल्प-कर्बोदक आहार वर्षभर दिला. २०१८ साली निकाल आला: एका गटाचे वजन ५.३ किलो, दुसऱ्याचे ६ किलो घटले, म्हणजे फरक नसल्यासारखाच. अल्प-कर्बोदक गटाचे ट्रायग्लिसराइड जास्त उतरले, पण एलडीएल किंचित चढले. अल्प-स्निग्ध गटात ते किंचित उतरले.

हे सरासरी आकडे झाले. सरासरीखाली माणसे झाकली जातात, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. काहींचे एलडीएल कीटोवर मुळीच हलत नाही. काहींचे, विशेषतः सडपातळ आणि चपळ व्यक्तींचे, २०० च्याही पुढे झेपावते. हे कोणाच्या बाबतीत होईल हे आधी सांगता येत नाही, तपासणीनेच कळते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊन हिशेब मांडू. समजा, आहार बदलण्यापूर्वी एकूण कोलेस्टेरॉल २१०, एचडीएल ३५ आणि ट्रायग्लिसराइड २५० आहे. अनेक प्रयोगशाळा एलडीएल थेट मोजत नाहीत. एकूणातून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून ते काढतात: २१० वजा ३५ वजा ५०, म्हणजे १२५. (ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे सूत्र लागू पडत नाही.) तीन महिन्यांनी एकूण २३०, एचडीएल ४२, ट्रायग्लिसराइड १३०. घरात आनंद, ट्रायग्लिसराइड निम्म्यावर. पण वजाबाकी केली तर २३० वजा ४२ वजा २६, म्हणजे एलडीएल १६२. आणखी एक सोपा आकडा आहे, जो व्यापाऱ्याला पटावा. एकूणातून फक्त एचडीएल वजा करायचे, की उरलेले सारे धोक्याच्या खात्यातले. आधी ते १७५ होते, आता १८८. दोन ओळी सुधारल्या, तरी धोक्याच्या खात्यातील शिल्लक वाढली.

त्याहून सूक्ष्म मोजमाप 'एपो-बी' या तपासणीने होते. एलडीएलचा आकडा म्हणजे गोदामातील कापडाचे एकूण मीटर; एपो-बी म्हणजे गाठींची संख्या, कारण एलडीएलच्या प्रत्येक कणावर या प्रथिनाची एकच चिठ्ठी असते. धमनीच्या भिंतीत गाठी शिरतात, मीटर नव्हे. मीटर तेवढेच, पण गाठी लहान आणि पुष्कळ, अशी स्थिती भारतीयांत बऱ्याचदा आढळते. मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत ही तपासणी होते.

'एलडीएल वाढले तर वाढू द्या, ट्रायग्लिसराइड उतरले ना?' या युक्तिवादाला पुरावा साथ देत नाही. संपृक्त स्निग्ध पदार्थ यकृताच्या पेशींवरील एलडीएल ओढून घेणारे ग्राहक कमी करतात. या ग्राहकांचा शोध लावणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या कुटुंबांत हे ग्राहक जन्मतः सदोष असतात, तेथे ऐन तारुण्यात हृदयविकार होतो. त्यांची साखर उत्तम असली तरी होतो. उलट, औषधांनी एलडीएल सुमारे ३९ अंकांनी उतरविले, की हृदयविकार व पक्षाघाताच्या घटना सुमारे एक-पंचमांशाने कमी होतात, हे मोठमोठ्या चाचण्यांतून सिद्ध झाले आहे. ब्रिटनमधील एका दीर्घ निरीक्षणात अल्प-कर्बोदक व स्निग्धबहुल आहार घेणाऱ्या ३०५ व्यक्तींत हृदयरोगाच्या घटना इतरांच्या सुमारे दुप्पट दिसल्या. असे निरीक्षण कारण सिद्ध करीत नाही, तरी दुर्लक्ष करण्याजोगेही ते नाही.

मग शाकाहारी, त्यातही जैन घराने काय करावे? येथे खरी मेख आहे. परदेशी अल्प-कर्बोदक आहार हिरव्या भाज्यांच्या ढिगावर उभा असतो. जैन घरात कंदमुळे वर्ज्य, हे या आहाराला सोयीचेच. परंतु पर्वतिथीला आणि चातुर्मासात अनेक घरांतून हिरवी भाजीही वर्ज्य होते. भात गेला, पोळी गेली, डाळ मोजून, भाजी तिथीने नेली. शिल्लक राहिले तूप, साय, पनीर आणि सुका मेवा. तंतुमय पदार्थ संपतात, बद्धकोष्ठता येते, आणि ऊर्जेचा सारा भार संपृक्त स्निग्धावर पडतो. तुपातील सुमारे ६० टक्के भाग संपृक्त आहे; १४ ग्रॅमचा एक मोठा चमचा म्हणजे आठ-साडेआठ ग्रॅम. २००० कॅलरी घेणाऱ्या व्यक्तीची दिवसाची मर्यादा साधारण २२ ग्रॅम धरतात. तीन चमच्यांत ती ओलांडली जाते. खोबरेल तेलात हेच प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास आहे. फुलक्यावर लावलेल्या चमचाभर तुपाला दोष देण्याचे कारण नाही. वाटीने तूप पिणे ही वेगळी गोष्ट आहे.

याच शाकाहारी चौकटीत दुसरी वाटही आहे, आणि ती तपासलेली आहे. कॅनडातील डॉ. डेव्हिड जेंकिन्स यांनी २००९ साली ४७ व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात कर्बोदके २६ टक्क्यांवर आणली, मात्र त्या जागी सोयाबीन, गव्हातील प्रथिने, सुका मेवा आणि वनस्पती तेले ठेवली. तेथे एलडीएल वाढले नाही. कर्बोदकबहुल गटाच्या तुलनेत ते आणखी ८ टक्के उतरले. विदर्भाला यासाठी परदेशी बाटल्यांची गरज नाही. जवस हे या भागाचेच पीक. त्याच्या तेलाचा जवळपास निम्मा भाग ओमेगा-३ वर्गातील असतो, मात्र ते तापविले की बिघडते. म्हणून आजीची जवसाची चटणीच योग्य. तीळ, शेंगदाणा, बदाम, अक्रोड, सोयाबीन, मोड न आणलेली पण भिजवून शिजविलेली डाळ, ही सारी त्याच पंक्तीतली. याउलट बाजारातील गाठिया-फरसाण बहुधा पामतेलात तळलेले असते, ज्यातील ४० टक्क्यांहून अधिक भाग संपृक्त. वनस्पती तुपातील घातक 'ट्रान्स' चरबीवर २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली, हे बरे झाले. पण एकाच कढईतील तेल पुनःपुन्हा तापविणाऱ्यास ती मर्यादा कोण विचारणार?

ओघाने एक नमूद करावेसे वाटते. आयंबिलात दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळण या सहाही विगयांचा त्याग करून केवळ उकडलेले धान्य-कडधान्य घेतले जाते. ते ऑर्निश यांच्या टोकाच्याही पलीकडचे. बियासणा म्हणजे दोनच वेळा बसून जेवणे, आणि ते डॉ. जिचकारांच्या सूत्राशी जुळते. तपाचा हेतू कर्मनिर्जरा हा आहे, रक्ततपासणी नव्हे, म्हणून त्यास वैद्यकीय प्रमाणपत्र जोडण्याची घाई नको. मात्र परंपरेने स्निग्धाचा त्याग आणि वेळांचा संयम दोन्ही ओळखले होते. स्निग्धाचा अतिरेक तिने कधी व्रत म्हणून सांगितला नाही.

काही धोके ब्रह्मपुरीचे म्हणून सांगावे लागतात. कर्बोदके एकदम तोडल्यावर पहिल्या काही दिवसांत शरीरातून पाणी आणि मीठ अधिक बाहेर जाते. मे महिन्यात येथील पारा ४६ अंशांच्या वर जातो, आणि चौविहार पाळणारी व्यक्ती सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही. तीन गोष्टी एकत्र आल्या की चक्कर, मुतखडा, मूत्रपिंडावर ताण हे ठरलेले. हा प्रयोग करायचाच असेल तर तो दिवाळीनंतर सुरू करावा.

औषधांचा मुद्दा याहून गंभीर. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना भात अचानक सोडला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिन वर्गातील गोळी आणि कडक कीटो यांची जोडी तर रक्तात आम्ल साचण्यास कारणीभूत होऊ शकते, आणि त्यात साखरेचा आकडा साधारण दिसल्याने दगा लवकर लक्षात येत नाही. मात्रा आधी डॉक्टरांनी कमी करायची, आहार नंतर बदलायचा. हा क्रम उलटा झाला की रुग्णवाहिका बोलवावी लागते. स्टॅटिनची गोळी याच्या नेमकी उलट. ज्यांना झटका येऊन गेला आहे किंवा स्टेंट बसविला आहे, त्यांनी वजन घटले म्हणून ती बंद करण्यास मुळीच आधार नाही.

ज्यांनी भात कमी केला आहे त्यांनी तो पुन्हा वाढवावा, असे येथे कोणी म्हणत नाही. आहार बदलण्यापूर्वी एक तपासणी आणि सुमारे तीन महिन्यांनी, वजन स्थिर झाल्यावर, दुसरी करावी. एलडीएल चढले असेल तर आधी तूप-साय-पनीर उतरवून त्या जागी शेंगदाणा, तीळ, जवस, बदाम आणावेत, वाटीभर डाळ परत घ्यावी, इसबगोल सुरू करावे आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा पाहावे. इतके करूनही ते १९० च्या खाली येत नसेल, किंवा घरात कोणाला पन्नाशीच्या आत झटका आला असेल, तर भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करून घ्यावी, कारण तो दोष ताटातला नसून रक्ताच्या नात्यातला असू शकतो. डॉक्टरांकडे जाताना जुना आणि नवा असे दोन्ही अहवाल एकाच पाकिटात न्यावेत. नुसता नवा अहवाल पाहून त्यांनाही अर्धाच हिशेब कळतो.